निजेला धोंडा की मऊ गादी?

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपल्या आज्यांच्या तोंडी नेहमी असायची. कडकडून भूक लागली की कोंड्याची भाकरीही गोड लागते, आणि डोळ्यांवर झोप आली की उशाला धोंडा असला तरी चालतो. धोंडा म्हणजे आपली बोलायची रीत, असं कुणाला वाटेल. पण प्राचीन इजिप्तमध्ये लोक लाकडाच्या आणि दगडाच्या उशा करीत, आणि चीनमध्ये सोंग राजवटीत चिनी मातीच्या टणक उशा वापरात होत्या. त्यावर डोकं टेकून माणसं झोपतच होती की!

आज हीच म्हण गाद्यांच्या दुकानात जाऊन म्हणून दाखवा बरं. दुकानदार गालातल्या गालात हसेल आणि एकेक वस्तू पुढे मांडील. मानेसाठी मध्ये खोलगट असलेली उशी, गुडघ्यांत धरायची उशी, पाठीखाली घ्यायची उतरती उशी, हाताचा ठसा उमटून हळूहळू भरून येणारी गादी. प्रत्येकीवर लिहिलेलं असतं, 'शांत झोपेची हमी'. रोज रात्री दोन वाजता छताचा पंखा बघत पडणारी बाई हे वाचून भुलली, तर तिचा काय दोष?

हा विषय माझ्यापुढे आला तो आमच्या थोरल्या वन्संमुळे. वय चोपन्न. गेलं दीड वर्ष त्यांना झोप नाही. दुपारी भाजी निवडता निवडता मान खाली पडायची, आणि एकदा गॅसवर दूध ठेवून त्या उभ्या उभ्या डुलक्या घेत होत्या. भाचा पुण्याला नोकरीला. आईचे हाल त्याला बघवेनात. त्याने दिवाळीला चौतीस हजारांची गादी आणि दोन खास उशा घ्यायचं ठरवलं. वन्संनी मला फोन केला. "अगं, पोराचा जीव तुटतोय माझ्यासाठी. नको म्हणवत नाही. पण खरंच झोप येईल का गं त्या गादीवर?"

चौतीस हजार रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत. म्हटलं, हो-नाही सांगण्याआधी नीट माहिती करून घेऊ. त्यासाठी मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि वन्संच्या घरी जाऊन पाहिलं, ते सगळ्याच मैत्रिणींच्या उपयोगाचं वाटलं, म्हणून इथे लिहिते.

गादी काय करते, काय करीत नाही

आधी गादीचा मान गादीला देऊ. गादी खराब असेल तर पाठ दुखते, पाठ दुखली की झोप मोडते, हे अगदी खरं. कापसाची गादी वर्षानुवर्षं पिंजली नाही की कापसाचे गोळे होतात आणि मधोमध खड्डा पडतो. त्या खड्ड्यात कंबर रात्रभर लोंबकळते. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीभर ऐकू जायचा आणि उन्हाळ्यात घरोघरच्या गाद्या पिंजून निघायच्या. आता तो क्वचितच दिसतो, पण यंत्रावर कापूस पिंजून, खोळ बदलून, नवे टाके घालून देणारी दुकानं गावोगाव आहेत.

कंबर दुखली की आपल्याकडे हमखास सल्ला मिळतो, 'फळीवर झोप' किंवा 'जमिनीवर सतरंजी टाक'. हा सल्ला पारखून पाहणारा एक प्रयोग स्पेनमध्ये झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांपैकी काहींना कडक गादी दिली आणि काहींना मध्यम कडक. नव्वद दिवसांनी पाहिलं, तर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालेलं आढळलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली हे छापून आलं. थोडक्यात, कंबरेला फळीही नको आणि ढगासारखी मऊ गादीही नको.

आणि ती हाताचा ठसा उमटणारी गादी? त्या फोमला 'मेमरी फोम' म्हणतात. हा फोम अमेरिकेच्या 'नासा' संस्थेसाठी १९६६ च्या सुमारास तयार झाला, तो विमानातल्या आसनांसाठी. बसणाऱ्याला धक्का कमी लागावा हा त्यामागचा हेतू. अंगाच्या उबेने तो मऊ पडतो आणि शरीराचा भार सगळीकडे सारखा वाटला जातो. सांध्यांचं दुखणं असणाऱ्यांना त्यावर बरं वाटतं. पण तो ऊब धरूनही ठेवतो. ज्या गावात मे महिन्यात रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तिथे हा विचार करायला हवा. पाळी जाण्याच्या सुमारास ज्यांना रात्री अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो, त्यांनी तर नक्कीच. अशांना कापसाची गादी आणि सुती चादर जास्त सुखाची.

लोहचुंबक बसवलेल्या गाद्याही ओळखीपाळखीतून विकल्या जातात. पायदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळं बरं होतं म्हणे! चुंबकाने दुखणं कमी होतं असं तपासण्यांत सिद्ध झालेलं नाही. तेव्हा तिथे पैसे घालवू नयेत. 'ऑर्थोपेडिक' हा शब्दही भारदस्त आहे, पण तेवढ्यावरून ती गादी आपल्या पाठीला मानवेलच असं ठरत नाही. ते आपल्या पाठीनेच ठरवायचं.

ठरवायचं कसं? दोन सोप्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, सकाळी उठताना पाठ धरलेली असते आणि तासभर हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते का? चार दिवस माहेरी किंवा बहिणीकडे दुसऱ्या अंथरुणावर झोपल्यावर बरं वाटतं का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल, तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. दुसरी गोष्ट दुकानात करायची. नवी गादी घेताना नुसती हाताने दाबून पाहू नका. लाज न बाळगता दहा-पंधरा मिनिटं तिच्यावर आडव्या व्हा, आपण घरी जशा झोपतो तशाच. उताण्या झोपून कंबरेखाली हात सरकवून बघा. हात सहज आरपार गेला आणि पोकळी राहिली तर गादी फार कडक. कंबर खाली रुतून हात शिरतच नसेल तर फार मऊ.

उशीचं गणित

उशीचं काम एकच, मान आणि पाठ एका रेषेत ठेवणं. कुशीवर झोपणारीला खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल इतकी उंच उशी लागते. उताणं झोपणारीला पातळ उशी पुरते. पालथं झोपायची सवय असेल तर जवळजवळ नकोच. आपल्याकडे सगळ्यांना एका मापाच्या उशा शिवतात आणि घरात पाहुणे आले की दोन-दोन एकमेकींवर रचून देतात. मग सकाळी मान धरली तर नवल काय?

मानदुखीवरच्या खास उशांचा काही उपयोग आहे का? २०२१ साली वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असं दिसलं की रबराच्या आणि स्प्रिंगच्या उशांनी जुनी मानदुखी असणाऱ्यांचं दुखणं कमी होतं, सकाळची मान मोकळी होते. पण झोपेची प्रत काही त्यामुळे सुधारली नाही. मला हे वाक्य फार बोलकं वाटलं. मान सुधारली, झोप होती तिथेच!

खास उशी घेण्याआधी एक घरगुती प्रयोग करून पाहा. जुन्या पंचाची मनगटाएवढी घट्ट गुंडाळी करा आणि ती अभ्र्याच्या आत, उशीच्या खालच्या काठाला सरकवा. मानेखालची पोकळी भरते. आठ-दहा दिवसांत आराम वाटला, तर मग हवी तर विकतची घ्या. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये घडी केलेली जुनी दुलई धरली तरी कंबरेचा ताण कमी होतो. पोटुशी बाईने सातव्या महिन्यापासून कुशीवरच झोपावं, आणि तिला तर असा आधार हवाच. त्यासाठी घरातला लोड पुरेसा आहे.

आणखी एका दुखण्यात उंची कामाला येते. रात्री आडवं झालं की ज्यांना आंबट घशाशी येतं, छातीत जळजळतं, त्यांनी उशीवर उशी रचू नये. त्याने पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे घालावेत, किंवा कंबरेपासून वर सगळी पाठ उचलून धरणारी उतरती उशी घ्यावी. डाव्या कुशीवर झोपावं. रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

दहा रात्रींची वही

म्हणजे गादी-उशीने दुखणं कमी होतं, आणि झोप जर दुखण्यानेच मोडत असेल तर तीही सुधारते. एवढं कळल्यावर मी वन्संना म्हटलं, "वन्सं, गादी घ्यायची की नाही ते मागाहून बघू. आधी दहा रात्री एका वहीत लिहून ठेवा. कितीला आडव्या झालात, कितीला जाग आली, आणि मुख्य म्हणजे कशाने आली."

दहा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. वही वाचली आणि माझ्या पोटात कालवलं. रात्री साडेअकराला सगळं आवरून आडव्या. एक वाजता सासूबाईंना बाथरूमला न्यायचं. त्यांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एकटीला जाता येत नाही. तीनला पुन्हा त्यांचीच हाक. हाक नसली तरी 'आता येईल' म्हणून जाग. साडेचारला नगरपालिकेचं पाणी. ते भरून होईतो साडेपाच, मग डबा. दहा रात्रींत सलग तीन तास झोप झाली अशा रात्री फक्त दोन. एका रात्री पुढे लिहिलं होतं, 'हे घोरत होते, थांबले की भीती वाटते, म्हणून ऐकत बसले.'

ह्या वहीत गादीमुळे मोडलेली झोप कुठे होती? नाही म्हणायला, रोज सकाळी 'पाठ धरली' असं लिहिलेलं होतंच. त्यांची गादी चौदा वर्षांची, मध्ये परातीएवढा खड्डा. आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या तेव्हा पाठ दुखली नव्हती. तेव्हा पाठीपुरता दोष गादीचा. पण एकला, तीनला आणि साडेचारला ज्या बाईला उठावंच लागतं, तिला सोन्याची गादी दिली तरी ती काय करणार?

त्या दिवाळीला भाचा आला. वन्संनी काही न बोलता वही त्याच्यापुढे ठेवली. पोरगं वाचत राहिलं. मग म्हणालं, "आई, मला वाटत होतं तुला झोप लागत नाही. तुला झोपायलाच मिळत नाही." वन्संचे यजमानही तिथेच होते. ते काही वाईट माणूस नव्हेत. पण आईची हाक त्यांना ऐकूच येत नसे, कारण हाक यायच्या आधी वन्सं उठलेल्या असत.

गादी पिंजून, नवी खोळ घालून घेतली. अडीच हजारांत काम झालं. गादीसाठी ठरवलेल्या पैशांतून आठवड्याच्या तीन रात्री सासूबाईंजवळ झोपायला एक मावशी ठेवल्या. दोन रात्री यजमान आईच्या खोलीत झोपतात, दोन रात्री वन्सं. पाण्याला यजमान उठतात. पहिल्या आठवड्यात मोकळ्या रात्रीही वन्सं एकला आणि तीनला टक्क जाग्या व्हायच्या. शरीराला सवयच लागलेली. महिनाभराने ती सुटत गेली. अजून रात्री एकदा जाग येतेच, पण दुपारी मान पडत नाही. पाठ मात्र पहिल्या आठवड्यातच मोकळी झाली, ते श्रेय पिंजलेल्या कापसाचं.

घोरण्याचंही सांगायला हवं. घोरता घोरता माणसाचा श्वास काही क्षण थांबत असेल आणि मग गुदमरल्यासारखा परत सुरू होत असेल, तर ते गाढ झोपेचं लक्षण नव्हे, तो आजार आहे. रक्तदाब आणि हृदय यांच्याशी त्याचा संबंध येतो. खास उशीने ह्यावर वेळ मारून नेऊ नये. डॉक्टर रात्रभराची झोपेची तपासणी करायला सांगतात आणि जरूर तर नाकावाटे दाबाने हवा देणारं यंत्र लावतात. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो, पण आपण घोरतो हे सांगायला बायकांना संकोच वाटतो. वन्संच्या यजमानांची तपासणी झाली, आजार निघाला, आता यंत्र लावून झोपतात. खोलीत शांतता झाली हा वन्संचा फायदा वेगळाच.

झोपायला मिळूनही झोप नसेल तर

काही मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे हाक मारणारं कुणी नाही, तरीही डोळ्याला डोळा लागत नाही. अशांनीही वही ठेवावीच. दुपारी चारचा आणि संध्याकाळी सहाचा चहा वहीत मांडा. चहा-कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनंतरही अंगात असतं. पडल्या पडल्या पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ बायकांत रक्त कमी आढळलं होतं. तिथे उपाय डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्यांत आहे, उशीत नाही.

आठवड्यातून तीन रात्री आणि असे तीन महिने झोप नसेल तर तो निद्रानाश समजतात. त्यावर गोळीच्या आधी सवयी बदलण्याचा शिस्तीचा उपचार करावा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेने २०१६ साली सांगितलं. आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ तो देतात. त्यातला एक नियम रिचर्ड बुटझिन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडला. अंथरूण झोपेपुरतंच ठेवायचं. तिथे हिशेब नको, मोबाईल नको, उद्याच्या भाजीची काळजी नको. वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं आणि डोळे जडावले की परत यायचं. सकाळी उठायची वेळ रोज एकच. दोन खोल्यांच्या घरात हे अवघड आहे खरं, पण स्वयंपाकघरात पाट टाकून बसायला कुणाची ना आहे? झोपेच्या गोळ्या मात्र शेजारणीकडून मागून घेऊ नका.

आपल्या आज्या काशाच्या वाटीने तळपाय घासून घेत, ते आठवतं? पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे १९९९ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं आहे. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तरी उपयोग होतो. वाटी आणि खोबरेल घरातच आहे. घासून द्यायला कुणी तयार झालं तर दुधात साखर.

आता जाता जाता एक हिशेब. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामात बाईची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटं जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. आजाऱ्याची आणि मुलांची देखभाल ह्यात धरलेली नाही, ती निराळी. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी असं तज्ज्ञ सांगतात. आपल्या घरातल्या रात्रीचे तास एकदा कागदावर मांडून बघा आणि सात तास कुठे बसतात ते शोधा. बसत नसतील, तर तो कागद जेवणाच्या वेळी सगळे जमले असताना पुढे ठेवा. वन्संनी वही ठेवली तसा, न चिडता, न रडता. आणि बसत असूनही सकाळी पाठ धरत असेल, तर खुशाल गाद्यांच्या दुकानाची पायरी चढा. तिथे पंधरा मिनिटं आडव्या व्हायला मात्र विसरू नका.